जुनी तिजोरी : आधी ओळख, मग कुलूप, रंग सगळ्यात शेवटी

पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला की सामानाची वाटणी होते. फडताळं, समया, पाट, तांब्याचे हंडे यांना घरं मिळतात. तिजोरी मात्र कुणाच्याने उचलत नाही, म्हणून ती शेवटच्या आठवड्यापर्यंत माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत राहते. मग घाई होते. रंगारी येतो, चकचकीत ऑइलपेंट मारतो, पितळी पाटी घासून गुळगुळीत करतो आणि दार नीट बसतंय का ते बघायला एकदा लावून टाकतो. ते दार पुन्हा उघडत नाही.

अशा तिजोऱ्या मला वर्षातून चार-पाचदा तरी बघायला मिळतात. प्रत्येक घरात माणसं मन लावून काम करत असतात, फक्त क्रम उलटा असतो. साफसफाईत ओळख पुसली जाते, रंगात कुलूप चिकटतं, आणि पाण्यानं धुतलेली तिजोरी पुढच्या पावसाळ्यात आतून सडते. खाली दिलेला क्रम पाळा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका.

## टप्पा १ : हात लावण्याआधीची नोंद

फडकंसुद्धा मारायचं नाही. धूळ आहे तशी राहू द्या.

१. तिजोरीचे चारही बाजूंनी, वरून आणि जमेल तर खालून फोटो काढा. मग दिवे बंद करा आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडा. समोरून न दिसणारी अक्षरं, जुन्या पाटीचा ठसा, रंगाखाली दबलेल्या सोनेरी रेघा या उजेडात उठून दिसतात.

२. पाटीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. झिजलेली अक्षरं कागदावर डोळ्यांपेक्षा नीट उमटतात.

३. घरातल्या सगळ्या जुन्या चाव्या एका डब्यात गोळा करा. देवघराचा खण, धान्याची कोठी, शिवणयंत्राचा ड्रॉवर आणि आजीची लुगड्याची ट्रंक ही हमखास जागा. चावी सापडली तरी लगेच लावून बघू नका.

४. मापं घ्या आणि वजनाचा अंदाज बांधा. पाव इंच जाडीच्या लोखंडी पत्र्याचा एक चौरस फूट सुमारे ४.६ किलो भरतो. दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि तीन फूट उंच तिजोरीचा बाहेरचा पत्रा ३२ चौरस फूट होतो, म्हणजे नुसतं कवचच जवळपास १४७ किलो. त्यात आतली पेटी, दार आणि भराव धरला की अडीच-तीनशे किलो सहज होतात. हा आकडा हमालांना आधी सांगायचा असतो. ते आल्यावर कळून उपयोग नाही.

५. तिजोरी वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वाटेकऱ्यांना विचारा. बंद तिजोरी एकट्यानं उघडू नका. उघडताना दोन-तीन जाणती माणसं हजर ठेवा, व्हिडिओ चालू ठेवा, आत निघालेल्या वस्तूंची यादी जागेवर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आत काहीच निघालं नाही तरी रिकामी होती अशी नोंद करा. रिकाम्या तिजोरीवरून दोन भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

तपासा : फोटो, कागदावरचे ठसे, मापं, चाव्यांचा डबा आणि संमती. पाचही हाताशी असतील तरच पुढे.

## टप्पा २ : ओळख पटवणं

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

पाटीवरचं साल हे तिजोरीचं साल नसतं. पाटीवर पेटंटचं साल असतं आणि ते पुढे कित्येक वर्षं तसंच छापलं जातं. चब या इंग्रज घराण्याचं डिटेक्टर कुलूप (चुकीच्या चावीनं उघडू पाहिलं की अडकून बसणारं) १८१८ चं आणि तिजोरीचं पेटंट १८३५ चं. हे आकडे वाचून 'आमची तिजोरी पेशवाई बुडाली त्या सालची' असं लोक छातीठोक सांगतात. ते साल शोधाचं आहे, तुमच्या वस्तूचं नाही.

पत्ता आणि कंपनीचं पूर्ण नाव जास्त खरं बोलतात. चबच्या पाटीवर सेंट पॉल्स चर्चयार्डचा पत्ता असेल तर ती क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या पत्त्याआधीची. तो रस्ताच १८७१ मध्ये पुरा झाला, त्यामुळे त्या पत्त्याची पाटी त्याहून जुनी असूच शकत नाही. नावापुढे 'लिमिटेड' असेल तर तिजोरी १८८२ नंतरची. आपल्या गोदरेजलाही हाच नियम लावा. कुलपांचा कारखाना १८९७ चा, तिजोऱ्या १९०२ पासून, आणि गोदरेज अँड बॉइसची नोंदणीकृत कंपनी १९३२ ची. पाटीवर 'लिमिटेड' असेल तर १९३२ नंतरची आणि विक्रोळी असेल तर आणखी अलीकडची, विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची.

इंग्लंडहून आलेल्या मालात मिल्नर (लिव्हरपूल), हॉब्ज हार्ट आणि टॅन (लंडन), प्राइस (वुल्व्हरहॅम्प्टन), विदर्स (वेस्ट ब्रॉमविच), चॅटवुड (बोल्टन) ही नावं लक्षात ठेवा. फ्रेंच असेल तर पॅरिसचं फिशे किंवा ऱ्हॅंसचं बोश, आणि व्हिएन्नाचं असेल तर वेर्थहाइम.

पाटी परकी आहे का? देशी कारखान्यात बनलेल्या तिजोरीवर इंग्रजी नावाची पाटी ठोकायची पद्धत होती. ओळखायचं असं : पाटीच्या कडेचा रंग नीट बघा. पाटी पहिल्यापासूनची असेल तर रंगाचे थर तिच्या कडेशी येऊन थांबतात. नंतरची असेल तर तिच्याखाली रंग सलग जातो आणि जवळपास जुनी बुजवलेली भोकं दिसतात. स्क्रूंकडेही बघा. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे. एकोणिसाव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या तिजोरीला ते असतील तर पाटी तरी बदलली आहे किंवा गोष्ट तरी.

बांधणी वाचा. कोपऱ्यांत अँगल लावून रिव्हेट ठोकलेली तिजोरी सर्वसाधारणपणे आधीची. एकाच पत्र्याला वाक देऊन कोपरे गोलसर केलेली त्यानंतरची. कोपऱ्यावर विजेच्या वेल्डिंगची सलग शिवण असेल तर ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नाही, दुकानदार काहीही म्हणो. चावीचा दांडा पोकळ नळीचा आहे की भरीव, कडी नुसतीच गोल आहे की नक्षीची, हेही लिहून ठेवा.

आकडे जुळवा. कुलपाचा नंबर, चावीच्या कडीवरचा नंबर आणि दाराच्या कडेवर ठोकलेला नंबर तिन्ही एक असतील तर सोन्याहून पिवळं. वेगळे असतील तर कुलूप किंवा दार कधीतरी बदललेलं आहे, आणि ही गोष्ट पुढच्या कामात उपयोगी पडते.

देशी तिजोऱ्यांत चावीचं भोक मुद्दाम लपवलेलं असतं. दारावर रिव्हेटच्या डोक्यांची ओळ असते आणि त्यातलं एक डोकं बाजूला सरकतं किंवा फिरतं. प्रत्येक रिव्हेट अंगठ्यानं हलकेच सरकवून बघा. हातोडा नको. जुन्या पेटीच्या धाटणीच्या तिजोऱ्यांत तर समोरचं दिमाखदार भोक फसवं असतं आणि खरं कुलूप झाकणात असतं.

सावध : १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या लेकाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. कंटेनर बंदरात अडकल्यावर पळापळ करून काही होत नाही.

## टप्पा ३ : हलवणं

शक्य असेल तर उघडल्यावर, आतले खण काढून मगच हलवा. बंद तिजोरी हलवायचीच झाली तर आत काही सैल वस्तू आहेत असं धरून चाला आणि ती आडवी करू नका.

जुन्या तिजोऱ्यांची चाकं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असतात. बीड ठिसूळ असतं, फरशीच्या एका खाचेत अडकलं तरी तुकडा उडतो. चाकांवर ओढू नका. पहारीनं एक कड उचला, खाली लाकडी ठोकळे द्या, मग जाड फळी आणि तिच्याखाली लोखंडी पाइपचे तुकडे घालून सरकवा. जिन्यावर चेनपुली लागतेच, आणि तिजोरीच्या खालच्या बाजूला एकही माणूस उभा राहता कामा नये. दोर सुटला तर तिला थोपवणारा कुणी नाही.

नवीन फ्लॅटमध्ये ठेवायची असेल तर एक हिशोब करा. राहत्या घराच्या स्लॅबवर चालता भार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो धरलेला असतो. दोन फूट बाय दोन फुटांच्या तळावर तीनशे किलो म्हणजे प्रति चौरस मीटर आठशे किलोच्या वर. एका लहान जागेचा भार आणि सगळ्या खोलीचा भार या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं. पण म्हणूनच हा निर्णय आपण किंवा बिल्डरच्या सुपरवायझरनं घ्यायचा नसतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचा असतो. खोलीच्या मधोमध ठेवू नका, तुळईच्या जवळ आणि भिंतीलगत ठेवा, खाली जाड पत्रा किंवा सागवानी फळ्या देऊन भार पसरवा.

सावध : दार उघडं असताना तिजोरीचा तोल पुढे जातो. जमीन किंचित उतरती असेल तरी ती तोंडावर येऊ शकते. दार उघडण्याआधी पुढच्या बाजूला पाचरी बसवा.

## टप्पा ४ : उघडणं

ड्रिल, गॅस कटर आणि घण हे तीन शब्द डोक्यातून काढून टाका. गॅस कटरनं आतले कागद जळतात. चुकीच्या जागी ड्रिल मारलं तर काही तिजोऱ्यांत दुसरा खटका आपोआप पडतो आणि मग कसबी माणसालाही दुप्पट कष्ट पडतात.

आता चाव्यांचा डबा घ्या.

१. भोकातली धूळ आधी काढा. फुंकणीनं किंवा सायकलच्या पंपानं हवा मारा, टॉर्चनं आत बघा. कागदाचे बोळे, मेण, मुंग्यांची माती, मोडलेल्या चावीचं टोक, सगळं निघतं.

२. चावी जाते आणि फिरते की नाही ते बघा. ती अंगठा आणि दोन बोटांनी फिरली पाहिजे. पक्कड लावू नका. कुलपाला तेल टाकू नका. जुनं तेल सुकून गोंदासारखं झालेलं असतं आणि नवं तेल त्यात धूळ कालवतं. बारीक ग्राफाइटची पूड चिमूटभर पुरते.

३. चावी आत जाते पण मुळीच फिरत नाही, आणि कुलूप चबचं डिटेक्टर आहे? तर बहुतेक वेळा कुणीतरी आधी चुकीची चावी लावलेली असते. त्या कुलपात एखादा लिव्हर (चावीच्या दात्यानं उचलली जाणारी आतली पट्टी) प्रमाणाबाहेर उचलला गेला की एक खटका अडकून बसतो आणि मग खरी चावीही चालत नाही. खरी चावी आधी कुलूप लावायच्या दिशेनं हलकेच फिरवा. खटका सुटला की ती उघडायच्या दिशेनं फिरते. या एका गोष्टीमुळे कितीतरी चांगली कुलपं 'बिघडलेली' म्हणून फोडली गेली आहेत.

४. चावी फिरते, पण दारावरचा बोल्ट सरकवणारा दांडा हलत नाही? दार थोडं खाली ओघळलेलं असतं आणि बोल्ट चौकटीत घट्ट रुतलेले असतात. एकानं दार गुडघ्यानं आत दाबून धरावं, दुसऱ्यानं दांडा फिरवावा. दार बाहेर ओढत दांडा फिरवला तर बोल्ट अजून घट्ट होतात. बहुतेक लोक हेच करतात.

५. नंबरांची तबकडी असेल तर जुन्या वह्या, टेबलाच्या खणाचा तळ आणि कपाटाच्या दाराची आतली बाजू बघा. आकडे तिथे पेन्सिलीनं लिहिलेले असतात.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चाव्यांचे जुडगे मिळतात. तिथून वीस चाव्या आणून एकेक लावून बघणं हा हौशी लोकांचा आवडता उद्योग आहे, आणि तो टाळाच. बळेच घुसवलेली चावी लिव्हर वाकवते, आणि डिटेक्टर कुलूप असेल तर पहिल्याच फटक्यात अडकवून ठेवते. वरचं सगळं करून जमलं नाही तर तिजोऱ्यांचं काम करणारा जाणता कुलूपवाला बोलवा. तो मालकीचा पुरावा मागेल. न मागणाऱ्याला काम देऊ नका.

उघडताच करायचं एक काम : दार पूर्ण उघडा आणि चौकटीत लाकडाचा ठोकळा दोरीनं बांधून टाका. कुलूप दुरुस्त होऊन तपासून होईपर्यंत हे दार लागता कामा नये. घरात मुलं असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण मोठी तिजोरी आतून उघडत नाही आणि हवाही जात नाही.

आत काडतुसं किंवा पिस्तूल निघालं तर हात न लावता पोलिसांना कळवा. काही अमेरिकी तिजोऱ्यांत दाराच्या आतल्या पत्र्यामागे अश्रुवायूची काचेची कुपी असते. तशी कुपी दिसली तर तिथेच थांबा आणि कुलूपवाल्याला दाखवा.

## टप्पा ५ : कुलूप

रंगाच्या आधी कुलूप. ही पायरी मागे-पुढे करून चालणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूचा पत्रा स्क्रूंनी बसवलेला असतो. स्क्रू अडले तर खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, रात्रभर रॉकेलचे दोन थेंब मुरू द्या, मग आधी किंचित घट्ट करून नंतर सोडवा. खाच मोडली की पुढचं काम कसबी माणसाचं होतं.

प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर दाराचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. लांबी सारखी दिसली तरी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी लागला तर आत बोल्टच्या पट्टीला अडतो.

कुलपाचं झाकण काढल्यावर लिव्हर एकावर एक बसलेले दिसतील. पाच, सहा, सात, क्वचित जास्त. एक लिव्हर काढा, फोटो घ्या, खिळ्यात ओवा. दुसरा काढा, फोटो घ्या, ओवा. क्रम बिघडला की चावी चालत नाही. प्रत्येक लिव्हरला पातळ पट्टीची स्प्रिंग असते, ती शंभर वर्षांत ठिसूळ झालेली असते, तिला बोटानं दाबून बघायचं नाही.

लिव्हर टर्पेंटाईनमध्ये बुडवून मऊ ब्रशनं साफ करा आणि सुती कापडानं कोरडे पुसा. कानस लावू नका. लिव्हरची खाच झिजलेली वाटली तरी ती चावीशी जुळून झिजलेली असते, सरळ केलीत तर जुळणी गेली. परत बसवताना लिव्हरला तेल नाही. बोल्टच्या जाड पट्ट्यांना आणि बिजागऱ्यांना मात्र शिलाई मशीनचं तेल चालतं.

तपासा : दार उघडं असताना चावीनं कुलूप लावा आणि उघडा. दहा वेळा. दहाही वेळा सारख्याच जोरानं फिरलं पाहिजे. सातव्या वेळी अडखळलं तर पुन्हा उघडा, कारण बंद दाराआड ते पहिल्याच वेळी अडखळेल.

दुसरी चावी याच टप्प्यावर बनवून घ्या आणि तीही दार उघडं ठेवूनच दहा वेळा फिरवा. चावीचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. जाणता कारागीर फोटोवरून चावी घडवतो.

मी एकदा याच पायरीवर घाई केली होती. सदाशिव पेठेतली एक बुटकी तिजोरी, कुलूप पाच वेळा छान फिरलं, म्हणून दार लावलं. एका लिव्हरची स्प्रिंग तडकलेली होती. दार उघडायला चार दिवस गेले आणि आतल्या पत्र्याला एक कायमचं भोक पडलं. मालकिणीच्या सासऱ्यांची ती तिजोरी होती. ते भोक मला अजून सलतं.

## टप्पा ६ : दोन पत्र्यांमधला भराव

अग्निरोधक तिजोरीत बाहेरच्या आणि आतल्या पेटीच्या मध्ये भराव असतो. जुन्या इंग्रजी तिजोऱ्यांत तो बहुधा तुरटी आणि लाकडाच्या भुशाचा. तुरटीच्या स्फटिकात वजनाच्या जवळपास ४५ टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन सुटतं आणि आतली पेटी थंड ठेवतं.

म्हणूनच तिजोरी पाण्यानं धुवायची नाही, प्रेशर वॉशर तर दूरच. ओली तुरटी आम्लधर्मी असते, ती पत्रा आतून खाते. तळाच्या सांध्यांवर पांढरी, मिठासारखी फुलं दिसली किंवा बाजूचा पत्रा पोट सुटल्यासारखा फुगला असेल तर आत ओल शिरली आहे. पांढरी पूड कोरड्या ब्रशनं झटका, तिजोरी महिनाभर कोरड्या, हवेशीर जागी दार उघडं ठेवून राहू द्या. उन्हात नाही, सावलीत. फुगवटा ठोकून बसवायचा प्रयत्न करू नका, आतला पत्रा वाकेल.

विसाव्या शतकातल्या काही तिजोऱ्यांच्या भरावात किंवा दाराच्या दोरीत अॅस्बेस्टॉस असतं. करडं, तंतूतंतू झालेलं, कापसासारखं काही दिसलं तर ते तसंच समजा. झाडू, व्हॅक्यूम, ड्रिल काही नको. गळून पडलेला तुकडा फवाऱ्यानं किंचित ओला करून जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, आणि भोक असेल तर बंद करा. धोकादायक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच तो द्या. न गळणारा भराव जागच्या जागी राहू देणं सगळ्यात सुरक्षित.

## टप्पा ७ : गंज आणि जुना रंग

काम सुरू करण्याआधी ठरवा : जुना रंग काढायचा आहे का? माझं मत स्पष्ट आहे. खाली मूळ रंग आणि सोनेरी रेघा असतील तर त्या वाचवा, मग रंग कितीही उडालेला असो. मूळ रंग एकदाच मिळतो.

कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाईन घेऊन खालच्या कोपऱ्यात एका रुपयाएवढी जागा पुसा. वरचा थर निघून खाली गडद हिरवा किंवा काळपट तपकिरी रंग दिसला तर बोळ्यांनीच, चार-चार बोटांची जागा घेत पुढे जा. वेळ लागतो. एका दारासाठी आठवडा गेला तर तो वाया गेला असं नाही.

सावध : जुन्या रंगात शिसं असतं, आणि सगळ्यात खाली शेंदरी अस्तर दिसलं तर ते बहुधा शिशाचंच. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा प्रत्येक थर शिशाचा आहे असं धरूनच काम करा. कोरडं घासू नका, हॉटगन किंवा ब्लो लॅम्प लावू नका. पॉलिश पेपर टर्पेंटाईनमध्ये भिजवून वापरा, तोंडाला एन ९५ मास्क बांधा, खाली प्लॅस्टिक पसरा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. टर्पेंटाईनजवळ ठिणगी किंवा देवाचा दिवासुद्धा नको.

गंजासाठी पितळी तारेचा हातब्रश, मग अगदी बारीक स्टील वूल. ग्राइंडरवरची तारेची चकती वापरू नका. ती नंबरांचे ठसे आणि रिव्हेटची डोकी झिजवते. सँडब्लास्टिंगची वाळू कुलपात आणि भरावात शिरते, ती कधीच पूर्ण निघत नाही. गंज रूपांतरित करणारं रसायन वापरायचं असेल तर उघड्या लोखंडावरच, पितळ आणि मूळ रंगाला चिकटपट्टी लावून.

## टप्पा ८ : पितळ

पाटी शक्य असेल तर काढूनच साफ करा. जागेवर चिंच किंवा पूड लावली तर आम्ल पाटीखाली शिरतं आणि पुढच्या वर्षी कडेनं हिरवा गंज बाहेर येतो. कोरलेल्या अक्षरांत काळं मेण किंवा लाख भरलेली असते. जोरात घासलं की ती निघते आणि अक्षरं वाचेनाशी होतात. सौम्य साबणपाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं. चमक थोडी कमी राहिली तर राहू द्या.

भोकावरचं झाकण हरवलं असेल तर तांबट आळीत पितळेचं जोडीचं बनवून मिळतं. खाचेचे पितळी स्क्रू बोहरी आळीत शोधा. जुन्या तिजोरीला चौफुलीचे स्क्रू लावू नका.

## टप्पा ९ : रंग आणि पहिल्यांदा दार लावणं

पुण्यात हे काम ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंतच करा. पावसाळ्यात अस्तराखाली ओल अडकते आणि दिवाळीपर्यंत फोड येतात.

मूळ रंग वाचला असेल तर नवा रंग नकोच, मेणाचं पॉलिश पुरतं. उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइडचं अस्तर एक हात, पूर्ण वाळल्यावर एनॅमल पेंटचे पातळ दोन हात. जाड एक हात मारू नका, ओघळ येतात.

रंग लावायचा नाही अशा जागा : दाराची कड, चौकटीचा आतला टप्पा, बोल्टची टोकं, बोल्टची भोकं, बिजागरीची खीळ. तिथली फट केसाएवढी असते. रंगाचे दोन हात बसले की दार चिकटतं आणि उन्हाळ्यात तर रंग रंगाला धरतो. या जागांना मेणाचा पातळ हात पुरे.

जवसाचं तेल वापरलं असेल तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

रंगानंतर किमान एक आठवडा दार उघडंच. आत कागद किंवा दागिने ठेवायचे असतील तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण पहिल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा आतल्या कोपऱ्यांवर हात फिरवून बघा. तुरटीचा भराव थोडी ओल सोडतच राहतो, आणि जुन्या तिजोरीत ठेवलेले फोटो हमखास बुरसटतात. ते दुसरीकडे ठेवा.

आता ठोकळा काढा. दोन्ही चाव्या बाहेर आहेत का बघा, खिशात हात घालून खात्री करा. दार न लावता कुलूप आणखी तीनदा फिरवा. मग दुसऱ्या माणसाला समोर उभं करून दार हलकेच टेकवा, बोल्ट अर्धेच बाहेर काढून परत आत घ्या. दार चौकटीला कुठे घासलं का ते कडेवरच्या मेणात दिसेल. घासलं असेल तिथे रंग उतरवा, पत्रा नाही. नाही घासलं तर पूर्ण लावा, आणि लगेच उघडा.